दगडी का होते? धार काढण्याच्या सवयी आणि कासेचा आजार

गाईला वेळेवर चारा आहे, खुराक आहे, गोठा रोज झाडला जातो. तरी एखाद्या सकाळी तिच्या एका सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी आणि गुठळ्या येतात. कासेचा तेवढाच भाग कडक आणि गरम लागतो, हात लावू दिला जात नाही. हे झाले कशामुळे? या प्रश्नाची गोठ्यातली उत्तरे ठरलेली असतात: दृष्ट लागली, शिंग लागले, खुराक बदलला, पावसाळी हवा बाधली. मार लागणे हे कधीकधी खरेच कारण असते. पण बहुतेक वेळा कारण असतात जंतू, आणि ते सडाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत गेलेले असतात. या आजाराला पशुवैद्यकात कासदाह म्हणतात. गावाकडे तो दगडी किंवा काससुजी म्हणून ओळखला जातो. जे छिद्र जंतूंची वाट आहे, तेच दिवसातून दोनदा धार काढण्यासाठी उघडले जाते. म्हणून दगडीचा विचार धारेपासूनच सुरू करावा लागतो.

1. कासेतली चार बिऱ्हाडे

गाईची कास बाहेरून एकसंध दिसते, पण आतून ती एका वाड्यातल्या चार बिऱ्हाडांसारखी असते. प्रत्येक सडाच्या वरचा भाग स्वतंत्र असतो. तिथे दूध तयार करणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांतून निघणाऱ्या नलिका असतात आणि शेवटी सडाच्या वर दूध साठणारी पोकळी असते. एका भागातले दूध दुसऱ्या भागात जात नाही. मागच्या दोन भागांत मिळून साधारण 60 टक्के दूध असते, पुढच्या दोन भागांत उरलेले.

या रचनेतून एक महत्त्वाची गोष्ट कळते. एक सड बिघडला तरी बाकीचे तीन निरोगी राहू शकतात. आणि एकाची दगडी दुसऱ्या सडात गेली, तर ती साधारणतः आतल्या पडद्यातून गेलेली नसते. ती बाहेरून गेलेली असते: धार काढणाऱ्या हातातून, कास पुसण्याच्या फडक्यातून, यंत्राच्या रबरातून किंवा बसायच्या जागेतून.

2. शेवटचा एक सेंटिमीटर

सडाची पोकळी आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये एक अरुंद नळी असते. तिची लांबी सुमारे एक सेंटिमीटर. नळीभोवती स्नायूंचे कडे असते आणि दोन धारांच्या मधल्या काळात ते तिला आवळून धरते. नळीच्या आतल्या बाजूला केराटिनचा थर असतो. केराटिन म्हणजे शिंग आणि खूर ज्या द्रव्याचे बनतात तेच. या चिकट थरात जंतू अडकतात. त्यातली काही स्निग्धाम्ले जंतूंची वाढही रोखतात. दुधाच्या धारेबरोबर थराचा काही भाग जंतूंसकट वाहून जातो आणि नवा थर तयार होतो.

कासेचे मुख्य संरक्षण एवढ्या जागेत आहे. धार काढण्याची कोणतीही सवय चांगली की वाईट हे ठरवताना दोन प्रश्न पुरतात: तिच्यामुळे सडाच्या टोकावरचे जंतू वाढतात का, आणि ही नळी दुखावते का? पुढची बहुतेक माहिती या दोन प्रश्नांचीच उत्तरे आहेत.

धार संपली की नळी लगेच मिटत नाही. स्नायूंचे कडे पूर्ववत आवळायला अर्धा ते एक तास, कधी त्याहून अधिक वेळ लागतो. धार काढताना आणि त्यानंतरच्या या वेळात कास सर्वांत उघडी असते.

3. जंतूंच्या दोन टोळ्या

फ्रान्समधील नोकार आणि मोलरो या संशोधकांनी 1887 मध्ये गाईंच्या सांसर्गिक कासदाहाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्यामागे साखळीसारखा वाढणारा एक जंतू असल्याचे दाखवले. त्यानंतर कासदाह करणाऱ्या अनेक जंतूंची ओळख पटली. व्यवहारासाठी त्यांच्या दोन टोळ्या कराव्यात.

पहिली टोळी गाईकडून गाईकडे जाणारी. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस अॅगॅलॅक्टिए हे तिचे प्रमुख. त्यांचे घर म्हणजे आजारी कास आणि सडावरच्या जखमा. एका गाईच्या दुधातून ते हाताला लागतात आणि दुसऱ्या गाईच्या सडावर पोचतात. त्यांचा प्रवास मुख्यतः धार काढतानाच होतो.

दुसरी टोळी गोठ्यातली. इ. कोलाय, क्लेबसिएला आणि स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे जंतू शेणात, ओल्या मातीत, भुश्शात किंवा कुजक्या गवतात असतात. गाय चिखलात बसली की ते सडाला लागतात. त्यांचा शिरकाव दोन धारांच्या मधल्या वेळातही होतो, आणि धारेनंतर सड उघडा असताना गाय ओल्यात बसली तर फार सहज होतो.

दोन्हींची चाल वेगळी असते. इ. कोलायची दगडी अनेकदा झपाट्याने येते. ताप चढतो, गाय चारा सोडते, काही वेळा उठतही नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस बहुधा सावकाश वागतो. तो कासेच्या पेशींत आणि बारीक गळवांत दडून बसतो. तिथे औषध नीट पोचत नाही, म्हणून जुना संसर्ग बरा होणे अवघड असते.

4. न दिसणारी दगडी

गुठळ्या, सूज, रक्त ही डोळ्यांना दिसणारी दगडी. पण अनेक गाईंत दूध पांढरे, कास मऊ, गाय धडधाकट, आणि तरीही संसर्ग चालू असतो. याला सुप्त कासदाह म्हणतात. गोठ्यात त्याचे प्रमाण सहसा उघड कासदाहापेक्षा बरेच जास्त असते.

तो ओळखण्याचा मार्ग म्हणजे दुधातल्या कायिक पेशी मोजणे. जंतू आत आले की शरीर त्यांच्याशी लढायला रक्तातील पांढऱ्या पेशी कासेत पाठवते आणि त्या दुधात उतरतात. निरोगी भागाच्या एक मिलिलिटर दुधात या पेशी साधारण 1 लाखाच्या आत असतात. 2 लाखांच्या वर गेल्या की संसर्गाचा संशय धरतात. युरोपीय संघात विक्रीच्या कच्च्या दुधासाठी ही मर्यादा 4 लाख आहे, अमेरिकेत 7.5 लाख.

गोठ्यातल्या गोठ्यात करता येणारी चाचणी कॅलिफोर्नियातील शाल्म आणि नूरलँडर यांनी 1957 मध्ये प्रसिद्ध केली. तिला सीएमटी म्हणतात. चार खणांच्या ताटलीत चार सडांचे थोडे थोडे दूध वेगवेगळे घेतात, तेवढेच चाचणीचे द्रावण घालतात आणि ताटली गोल फिरवतात. द्रावणातले साबणासारखे रसायन पेशी फोडते आणि त्यांतला डीएनए बाहेर पडून दूध चिकट होते. दूध पातळच राहिले तर तो भाग ठीक; जेलीसारखे गोळा झाले तर पेशी खूप.

चारही सडांचे दूध वेगळे का तपासायचे, हे एका हिशेबाने कळेल. एका गाईच्या तीन भागांत मिलिलिटरमागे प्रत्येकी 50 हजार पेशी आहेत आणि चौथ्यात 6 लाख. चारही भागांचे दूध सारखे धरले, तर एकत्र दुधाची सरासरी (50 + 50 + 50 + 600) ÷ 4, म्हणजे सुमारे 1 लाख 88 हजार येते. एकत्र दुधाचा आकडा 2 लाखांच्या आत, म्हणून गाय निरोगी ठरेल. प्रत्यक्षात तिचा चौथा भाग चांगलाच आजारी आहे.

नुकसान तिथेही चालू असते. दूध तयार करणाऱ्या पेशी दुखावतात आणि दूध घटते. लॅक्टोज आणि केसीन कमी होतात; रक्तातले सोडियम आणि क्लोराइड दुधात झिरपतात, म्हणून दूध खारट लागते. लॅक्टोज आणि केसीन हे एसएनएफचेच, म्हणजे दुधातल्या स्निग्धांशाव्यतिरिक्त घन पदार्थांचेच, भाग असल्याने संकलन केंद्रावर एसएनएफ कमी लागतो आणि भाव पडतो. गाय रोज दोन लिटर कमी देऊ लागली आणि लिटरचा भाव 30 रुपये धरला, तर 300 दिवसांच्या वेतात 2 × 30 × 300, म्हणजे 18,000 रुपये कमी येतात. या काळात गाय एकदाही आजारी दिसलेली नसते.

5. पान्ह्याचे घड्याळ

धारेच्या सुरुवातीला कासेतले सुमारे 20 टक्के दूधच खालच्या पोकळीत असते. उरलेले वरच्या सूक्ष्म पिशव्यांत असते आणि ते केवळ ओढून खाली येत नाही. सडाला स्पर्श झाला, वासराने ढुशी दिली किंवा बादलीचा ओळखीचा आवाज आला की गाईच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटते. साधारण एक ते दीड मिनिटात ते कासेत काम सुरू करते, पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली उतरते. हाच पान्हा. त्याचा जोर पाच ते सात मिनिटे टिकतो.

यातून दोन नियम निघतात. पहिला: सड पुसल्यावर सुमारे एका मिनिटाने धार सुरू करावी आणि मध्ये न थांबता पुरी करावी. पान्हा येण्याआधी यंत्र लावले किंवा तो ओसरल्यावरही ओढत राहिले, तर रिकाम्या सडावर ताण पडतो. दुसरा: गाईला घाबरवू नये. काठी, आरडाओरडा, अंगावर येणारे कुत्रे यांनी तिच्या रक्तात अॅड्रिनॅलिन वाढते आणि पान्हा अडतो. मग बरेच दूध आतच राहते, आणि त्या भागात आधीच संसर्ग असेल तर जंतूंना वाढायला वाव मिळतो.

6. धारेच्या आधी: पाणी कमी, कोरडेपणा जास्त

कासेवर बादलीभर पाणी ओतून लगेच धारेला बसणे ही सर्रास दिसणारी सवय आहे. हेतू स्वच्छतेचा, परिणाम उलटा. मांड्यांवरची आणि कासेवरची घाण पाण्याबरोबर ओघळून सडाच्या टोकाशी जमते, तिथून ती दुधात आणि सडाच्या तोंडाशी जाते. ओली कास ही न धुतलेल्या कोरड्या कासेपेक्षा धोक्याची ठरू शकते. म्हणून कास फार मळलेली नसेल तर फक्त सड धुवावेत आणि टोकासह कोरडे पुसावेत.

पुसण्याचे फडके प्रत्येक गाईला वेगळे हवे. एकाच बादलीत बुडवलेले एकच फडके दहा गाईंना फिरले, तर पहिल्या गाईचे जंतू दहाव्या गाईपर्यंत सहज पोचतात. दहा गाईंच्या गोठ्यात प्रत्येक वेळची दहा अशी वीस फडकी ठेवावीत आणि ती रोज धुऊन उन्हात वाळवावीत. धार काढणाऱ्याने नखे कापलेली ठेवावीत आणि प्रत्येक गाईनंतर हात साबणाने धुवावेत. जो माणूस रोज चार घरांच्या गाई पिळतो, त्याच्या हातांबाबत हे दुप्पट खरे.

पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या काढाव्यात. रात्रभर सडाच्या टोकाशी राहिलेल्या या दुधात पेशी आणि जंतू जास्त असतात. त्या काळ्या ताटलीवर किंवा काळे कापड बांधलेल्या भांड्यात घेतल्या तर बारीक गुठळ्याही लगेच दिसतात. तळहातावर धार घेऊन पाहणे किंवा ती जमिनीवर सोडणे टाळावे. पहिल्याने हात बाधित होतो, दुसऱ्याने गोठा.

7. मूठ, चिमटी आणि अंगठा

हाताने धार काढण्याच्या तीन पद्धती आहेत. मुठीच्या पद्धतीत सड पूर्ण मुठीत धरतात. अंगठा आणि तर्जनी वरून आवळतात, म्हणजे सडातले दूध पुन्हा वर जात नाही. मग बाकीची बोटे क्रमाने मिटत जातात. दाब चहूबाजूंनी सारखा पडतो. सडाला ही सर्वांत सोसवणारी पद्धत.

चिमटीत सड अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून वरून खाली ओढतात. सड फार आखूड असले किंवा धारेच्या शेवटी थोडे दूध उरले तर तिचा उपयोग होतो, पण सबंध धार अशी काढली तर कातडी ताणली जाते.

तिसऱ्या पद्धतीत अंगठा मुडपून त्याच्या सांध्यावर सड दाबतात. हाताला जोर मिळतो, म्हणून अनेकांना तिची सवय असते. तीच सर्वांत घातक आहे. कठीण सांधा एकाच जागी रुतत राहतो, सडाच्या आतले अस्तर दुखावते, तिथे गाठ धरते आणि दुखावलेल्या जागी जंतूंना थारा मिळतो.

बोटे घसरावीत म्हणून ती दुधात बुडवणे हीही जुनी सवय. हातावरची घाण दुधात जाते आणि दुधातले जंतू पुढच्या सडावर. धार कोरड्या हातांनीच काढावी.

8. यंत्र: मदतनीस की वाहक?

दूध काढण्याचे यंत्र निर्वातावर चालते. सडावर बसलेल्या कपाच्या आत रबरी नळी असते. निर्वाताने सडाचे तोंड उघडून दूध बाहेर येते. मग कप आणि रबर यांच्यामधल्या कप्प्यात हवा सोडली जाते आणि रबर सडाभोवती मिटते. या क्षणी सडाला उसंत मिळते आणि त्यात साकळलेले रक्त पुढे सरकते. हे मिटणे-उघडणे मिनिटाला साधारण 60 वेळा होते. दूध ओढण्याचा वेळ सुमारे 60 टक्के आणि विसाव्याचा 40 टक्के ठेवतात. सडापाशी निर्वात साधारण 35 ते 42 किलोपास्कल पुरतो.

बिघाड तीन ठिकाणी होतो. निर्वात जास्त झाला तर सडाच्या टोकाशी खरखरीत कडे तयार होते आणि नळी नीट मिटत नाही. उसंतीचा झटका देणारे पल्सेटर बिघडले तर सडाला विसावा मिळत नाही. आणि निर्वात चालू असतानाच कप ओढून काढला तर आत घुसणाऱ्या हवेबरोबर दुधाचे थेंब उलटे उडून दुसऱ्या सडाच्या उघड्या तोंडावर आदळतात. म्हणून आधी निर्वात बंद करावा, मग कप काढावेत. दूध संपल्यावर यंत्र लावून ठेवणेही टाळावे.

रबरी नळीचे आयुष्य साधारण 2,500 धारांचे. एकच संच असलेल्या यंत्रावर दहा गाईंची दोन वेळा धार काढली, तर दिवसाला 20 वेळा वापर होतो. 2,500 ÷ 20, म्हणजे 125 दिवस. चार महिन्यांनी रबर बदलायला हवे, ते वरून चांगले दिसत असले तरी. जुन्या रबराला भेगा पडतात आणि त्या भेगांत जंतू धुण्यातून वाचतात.

9. धार संपल्यावरचा अर्धा तास

धार संपताच प्रत्येक सड जंतुनाशकात बुडवणे हा दगडी रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय. त्यासाठी साधारण अर्धा टक्का आयोडीन आणि त्वचा मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन असलेले तयार द्रावण मिळते. सडाचा निदान खालचा दोन तृतीयांश भाग बुडायला हवा. नियमित केल्यास, विशेषतः गाईकडून गाईकडे जाणारे नवे संसर्ग निम्म्याच्या आसपास घटतात. आधी झालेला संसर्ग मात्र याने बरा होत नाही. वासराला पाजायचे असेल तर पाजून झाल्यावर सड बुडवावेत. द्रावण कपात उरले तर ते ओतून द्यावे, बाटलीत परत भरू नये.

दुसरा उपाय फुकटचा. वैरण आणि पाणी धारेनंतर लगेच समोर ठेवावे. गाय खात उभी राहते आणि तेवढ्या वेळात नळी मिटते. मुक्त संचार गोठ्यातही बसायची जागा कोरडी असेल तरच त्याचा फायदा. चिखल झाला तर गाय मोकळी असूनही सड मळतातच.

धारेचा क्रमही ठरलेला हवा: आधी पहिलारू, मग निरोगी गाई, मग संशयित आणि सर्वांत शेवटी दगडीच्या गाई. आजारी सडाचे दूध वेगळ्या भांड्यात काढून गोठ्याबाहेर खड्ड्यात टाकावे. ते वासरालाही पाजू नये.

10. आटवणे: दोन महिन्यांची जोखीम

गाय विण्यापूर्वी साधारण 60 दिवस भाकड ठेवतात. धार बंद झाल्यावर सडाच्या नळीत केराटिनचे बूच तयार होते. पण ते व्हायला वेळ लागतो आणि काही सडांत ते उशिरा किंवा अपुरे होते. त्यामुळे आटवल्यानंतरचे पहिले काही दिवस आणि विण्याआधीचे दोन आठवडे नव्या संसर्गाचे असतात. आटवण्याआधी काही दिवस खुराक कमी करून दूध घटवावे आणि मग धार पूर्ण बंद करावी. आज काढली, दोन दिवस सोडली, पुन्हा काढली, असे करत राहिल्यास नळी वारंवार उघडते.

शेवटच्या धारेनंतर सडात दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक सोडण्याची पद्धत जुनी आहे. जीवाणूंवरची औषधे निकामी होऊ नयेत म्हणून युरोपीय संघाने 2022 पासून ते सरसकट सर्व गाईंना देणे थांबवले आहे. तपासणीत संसर्ग दिसला त्याच गाईला औषध आणि निरोगी गाईच्या सडाला नुसते कृत्रिम बूच, असा बदल होत आहे. भारतातही हे काम पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच व्हायला हवे. सडात अस्वच्छ नळी खुपसल्यास औषधाआधी जंतूच आत जातात.

उपचार चालू असताना आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध विकू नये, कारण औषध रक्तातून इतर भागांतही उतरू शकते. असे दूध तापवूनही त्यातले औषध पुरते नष्ट होत नाही, आणि विरजणातले उपयोगी जंतू त्याने मरतात, म्हणून दही लागत नाही.

11. पाच कलमे

1960 च्या दशकात इंग्लंडमधील रेडिंगच्या राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत डॉड, नीव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या कळपांवर प्रयोग करून कासदाह नियंत्रणाची पाच कलमे मांडली: धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे, दिसलेल्या दगडीवर लगेच उपचार, आटवताना उपचार, वारंवार दगडी होणारी गाय कळपातून काढणे आणि यंत्राची नियमित दुरुस्ती. या योजनेने हातांतून आणि यंत्रातून पसरणारी दगडी ब्रिटनमध्ये खूपच कमी झाली. शेणमातीतून येणारी मात्र तेवढी हटली नाही, कारण या कलमांत बसायच्या जागेचा विचार नव्हता. पुढच्या काळात त्यांत कोरडी जागा, धारेआधीची स्वच्छता आणि नोंदी यांची भर पडली.

लहान गोठ्यासाठी यातला निष्कर्ष सरळ आहे. स्वच्छ कोरडे हात, गाईगणिक वेगळे फडके, मुठीची धार, धारेनंतर जंतुनाशक आणि कोरडी बैठक या पाच गोष्टींचा खर्च दगडीच्या एका उपचारापेक्षा कमी येतो. त्या पाळूनही गाय चारा सोडून बसली, कास निळसर व थंड पडली किंवा धारेत रक्त आले, तर घरगुती लेप लावत दिवस घालवू नये. पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.